हैदराबाद ते पुणे, पण वरच्या दिशेने
(वातावरणाचे थर – आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी)

वातावरणाच्या थरांवर परीक्षेत हमखास प्रश्न येतो. तुम्ही पाच आडवे पट्टे काढता, पाच रंगांत रंगवता, बाजूला नावे लिहिता आणि गुण मिळवता. त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या आकृतीत दोन गोष्टी चुकीच्या ठसतात. एक म्हणजे पाचही पट्टे सारख्या जाडीचे दिसतात. दुसरी म्हणजे थर एकमेकांपासून भिंतीसारखे वेगळे वाटतात. प्रत्यक्षात तिथे भिंत नाही, पत्र्याचे छप्पर नाही. हवा एकच आहे. मग ‘थर’ कशावरून म्हणायचे? तापमानावरून. वर जाता जाता तापमान कधी उतरते, कधी चढते. जिथे ही चाल बदलते तिथे शास्त्रज्ञ रेघ मारतात. एवढे लक्षात आले की निम्मा धडा समजला.

आधी जाडीचा हिशोब करू. मे महिन्याच्या सुट्टीत आपल्यातले बरेच जण सोलापूरमार्गे पुण्याला मामाकडे, काकांकडे जातात. तोच रस्ता उचलून आभाळाकडे उभा केला आहे असे समजा. कोठीहून निघालेली आपली गाडी लिंगमपल्लीला पोहोचेपर्यंत पहिला थर, म्हणजे तपांबर, ओलांडून गेलेली असते. साधारण संगारेड्डीपाशी दुसरा थर, स्थितांबर, संपतो. झहीराबाद यायच्या थोडे आधी तिसरा, मध्यांबर. झहीराबाद म्हणजे १०० किलोमीटर; अवकाश सुरू होते असे जिथे सर्वसाधारणपणे मानतात ती ‘कारमान रेषा’ इथेच. पुढे सोलापूर, टेंभुर्णी, इंदापूर हा सगळा रस्ता चौथ्या थरातला, दलांबरातला. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक सुमारे ४०० किलोमीटरवरून फिरते, म्हणजे आपल्या रस्त्यावर टेंभुर्णीच्या आसपास. पुणे-मुंबई येईपर्यंत पाचवा थर, बाह्यांबर, सुरू होतो, आणि तो कुठे संपतो हे सांगणे अवघड.

आता गंमत पाहा. वातावरणातल्या हवेच्या वजनापैकी निम्मी हवा पहिल्या साडेपाच किलोमीटरमध्येच आहे! आपली गाडी शहराबाहेरही पडलेली नसते. ९९ टक्के हवा पहिल्या ३०-३२ किलोमीटरमध्ये. बाकीच्या सगळ्या रस्त्याला उरलेली एक टक्का हवा पुरवून पुरवून वाटलेली आहे. शाळेत भूगोलाच्या तासाला वापरतो तो १२ इंची पृथ्वीगोल घेतला, तर त्यावर आपले तपांबर अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही पातळ होईल, आणि कारमान रेषा गोलापासून जेमतेम सव्वादोन-अडीच मिलिमीटरवर येईल. पाऊस, वारा, ढग, वादळे, आपला श्वास, सगळे त्या अर्ध्या मिलिमीटरात.

तपांबर

हवेला वजन असते आणि वर जावे तसा तिचा दाब कमी होतो, हे १६४८ साली फ्रान्समध्ये प्रयोगाने दिसले. ब्लेझ पास्कालने आपल्या मेव्हण्याला पाऱ्याची नळी घेऊन प्युई द डोम या डोंगरावर पाठवले. डोंगराच्या पायथ्यापेक्षा माथ्यावर पारा सुमारे तीन इंच खाली उतरला. त्याच कारणाने आपल्या हैदराबादेत पाणी १०० अंश सेल्सिअसला नव्हे, तर ९८ अंशांच्या आसपास उकळते. आपले शहर समुद्रसपाटीपासून पाचशेहून अधिक मीटर उंच आहे, डोक्यावरची हवा मुंबईपेक्षा थोडी कमी. प्रयोगशाळेत तापमापी १०० वर जात नाही म्हणून तापमापीला दोष देऊ नका.

तपांबरात दर किलोमीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. मुले विचारतात, वर गेलो की सूर्याच्या जवळ जातो, मग थंडी का वाढते? प्रश्न चांगला आहे. सूर्य आपल्यापासून १५ कोटी किलोमीटर दूर. त्यात दहा किलोमीटरने काय फरक पडणार? खरी गोष्ट अशी की सूर्यप्रकाश हवेतून बराचसा आरपार जातो आणि जमीन तापवतो. जमीन मग हवेला खालून तापवते, तव्यावरच्या भाकरीसारखी. तापलेली हवा वर चढते, वर दाब कमी असल्याने फुगते आणि फुगताना थंड होते. सायकलच्या ट्यूबमधली हवा सोडताना व्हॉल्व्हपाशी बोट धरा, सुटणारी हवा गार लागते. तेच तत्त्व.

या थराची उंची सगळीकडे सारखी नाही. ध्रुवांवर ती ८-९ किलोमीटर, विषुववृत्ताकडे १६ ते १८ किलोमीटर. आपण १७ अंश उत्तर अक्षांशावर आहोत, म्हणून आपल्याकडे ती १६-१७ च्या घरात. साधा गुणाकार करा. जमिनीवर २७ अंश धरले तर १७ किलोमीटरवर २७ वजा ११०, म्हणजे उणे ८३ अंश! प्रत्यक्षात मोजलेले तापमानही उणे ८० च्या आसपास असते. ध्रुवावर या उंचीचे छप्पर खाली असल्याने तिथली तपस्तब्धी (तपांबराची वरची सीमा) उणे ५० अंशांच्या आसपासच असते. म्हणजे जमिनीवर आपण भाजत असलो, तरी आपल्या डोक्यावरची तपस्तब्धी ध्रुवांवरच्यापेक्षा थंड. आणखी एक. ‘विमाने स्थितांबरात उडतात’ असे बऱ्याच पुस्तकांत वाचायला मिळते. युरोपच्या उत्तर भागासाठी ते बरेचसे ठीक आहे. पण १०-१२ किलोमीटरवरून जाणारे विमान हैदराबादवर असते तेव्हा ते तपांबरातच असते.

एवढ्या उंचीवर माणसाचे काय होते, हे १८६२ च्या ५ सप्टेंबरला इंग्लंडमधल्या दोघांनी अनुभवले. जेम्स ग्लेशर हा हवामानशास्त्रज्ञ आणि हेन्री कॉक्सवेल हा फुगा चालवणारा, वुल्व्हरहॅम्प्टनहून उघड्या टोपलीतून वर गेले. बरोबर प्राणवायूची नळकांडी नव्हती. सोबत नेलेल्या कबुतरांपैकी एक वाटेत सोडले, ते दगडासारखे खाली पडले. साडेआठ किलोमीटरच्या पुढे ग्लेशरला तापमापीवरचे आकडे दिसेनात, हातपाय हलेनात, आणि तो बेशुद्ध झाला. फुग्यातला वायू सोडण्याची दोरी अडकली होती. कॉक्सवेल ती सोडवायला वर चढला, तर थंडीने त्याचे हात निकामी झालेले. शेवटी त्याने दोरी दातांत धरून ओढली, आणि दोघे वाचले. शुद्धीवर आल्यावर ग्लेशरने काय केले असेल? पेन्सिल उचलून पुन्हा नोंदी घ्यायला लागला.

छप्पर सापडले!

माणसे पाठवणे धोक्याचे, म्हणून पुढे नुसती उपकरणे पाठवू लागले. पॅरिसजवळ त्राप इथे तेसराँ द बोर या शास्त्रज्ञाने असे दोनशेहून अधिक फुगे सोडले. त्याच्या नोंदींत एक विचित्र गोष्ट येऊ लागली. अकरा किलोमीटरच्या वर तापमान उतरायचे थांबत होते. तेव्हाची समजूत अशी, की तापमान वर वर उतरतच जाते. म्हणून त्याला आधी आपल्याच उपकरणाचा संशय आला. ऊन लागून तापमापी गरम होत असेल का? मग त्याने रात्री फुगे सोडले. रात्रीही तेच! अशी अनेक वर्षे खात्री करून १९०२ मध्ये त्याने जाहीर केले की वर दुसरा थर आहे. जर्मनीत रिचर्ड असमान यालाही त्याच सुमारास हेच आढळले. नव्या शोधाचा आनंद होण्याआधी स्वतःच्या तापमापीवर शंका घेणारा हा माणूस मला फार आवडतो.

या दुसऱ्या थरात, स्थितांबरात, तापमान वर जाताना वाढत जाते. सुमारे ५० किलोमीटरवर ते जवळजवळ शून्य अंशापर्यंत येते. इथे जमीन नव्हे, तर ओझोन हवा तापवतो. सूर्याची अतिनील किरणे तो शोषतो आणि त्यांची ऊर्जा उष्णता होऊन हवेत राहते. इथे एक हुशार विद्यार्थी अडखळतो: ओझोन सर्वात दाट २०-२५ किलोमीटरवर, मग सर्वात गरम ५० किलोमीटरवर कसे? किरणे वरून येतात ना! वरच्या ओझोनला त्यांचा पहिला वाटा मिळतो, आणि तिथली हवा इतकी विरळ की थोड्याशा ऊर्जेनेही तिचे तापमान बरेच वाढते.

खाली थंड हवा आणि वर गरम, अशी रचना असली की हवा वर-खाली होत नाही. म्हणून नाव ‘स्थित’. मृग नक्षत्राच्या आधी दुपारी उंचच उंच ढग चढतात ना, त्यांचा माथा कधी कधी लोहाराच्या ऐरणीसारखा सपाट पसरलेला दिसतो. ढग तपस्तब्धीला टेकला, वर जाता येईना, म्हणून आडवा पसरला. वातावरणाची अदृश्य सीमा डोळ्यांनी पाहायची असेल तर ती ही.

या शांतपणाचा एक परिणाम आहे. स्थितांबरात पाऊस पडत नाही, त्यामुळे तिथे पोहोचलेली घाण धुऊन निघत नाही. १९९१ च्या जूनमध्ये फिलिपिन्समधला पिनाटुबो ज्वालामुखी फुटला, गंधकाचे वायू स्थितांबरात गेले आणि त्यांच्या सूक्ष्म कणांनी वर्ष-दोन वर्षे पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने खाली आणले. फ्रिजमधल्या सीएफसी वायूंचेही तसेच. जमिनीवर निरुपद्रवी, पण वर जाऊन ओझोन फोडणारे. अंटार्क्टिकावर ओझोनचा थर विरळ होत असल्याचे १९८५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी जाहीर केले, १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला, भारत त्यात १९९२ मध्ये सामील झाला. थर आता हळूहळू भरून येत आहे, पण अंटार्क्टिकावर तो पूर्ववत व्हायला २०६० नंतरचा काळ उजाडेल असा अंदाज आहे. खाली सगळा ओझोन जमिनीवर आणून पसरला असता, तर जेमतेम तीन मिलिमीटर जाडीचा थर झाला असता. आपल्या कातडीचे आणि शेतातल्या पिकांचे रक्षण तेवढ्यावर चालले आहे.

आपल्या गावचे फुगे

स्थितांबराच्या अभ्यासात आपल्या शहराचे नाव जगात घेतले जाते, आणि हे आपल्याच मुलांना माहीत नसते! ईसीआयएलच्या परिसरात टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे फुग्यांचे केंद्र १९६९ पासून आहे. हे फुगे पॉलिथिनच्या अतिशय पातळ कागदाचे, हायड्रोजनने भरलेले. सोडताना ते लांबट, सुरकुतलेले, बरेचसे रिकामे दिसतात. कुणाला वाटेल भरायचे राहिले. पण ३० किलोमीटरवर हवेचा दाब जमिनीवरच्या सव्वा टक्क्यावर येतो, आणि आतला वायू कितीतरी पट फुगतो. खालीच पूर्ण भरला असता तर वर जाण्याआधीच फाटला असता.

२० एप्रिल २००५ रोजी इथून सुटलेल्या एका फुग्याखाली ४५९ किलो वजनाची उपकरणे होती. त्यांत पोलादाच्या १६ नळ्या. द्रवरूप निऑनमध्ये थंड ठेवलेल्या आणि आधी पूर्ण निर्जंतुक केलेल्या. २० ते ४१ किलोमीटरच्या दरम्यान वेगवेगळ्या उंचीवर त्या उघडल्या, तिथली हवा आत घेतली आणि बंद झाल्या. इस्रोच्या या प्रयोगाचे प्रमुख संशोधक होते डॉ. जयंत नारळीकर. हो, तेच, ज्यांच्या मराठी विज्ञानकथा आपल्या ग्रंथालयात आहेत. २० मे २०२५ रोजी त्यांचे पुण्यात निधन झाले. प्रश्न असा होता: इतक्या उंचीवर, जिथे पाणी नाही, कडाक्याची थंडी आहे आणि अतिनील किरणांचा मारा आहे, तिथे जिवंत असे काही आहे का?

नळ्यांतली हवा दोन ठिकाणी तपासली, आपल्या हैदराबादच्या सीसीएमबीमध्ये आणि पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रात. एकाच प्रयोगशाळेत काही सापडले तर ‘तुमच्याच टेबलावरचे असेल’ असे कुणीही म्हणेल, म्हणून दोन. जिवाणूंच्या १२ आणि बुरशीच्या ६ वसाहती वाढल्या. त्यांतले तीन जिवाणू पूर्वी कुणी न नोंदवलेले निघाले. २००९ मध्ये त्यांची नावे जाहीर झाली: एकाला खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयल यांचे, एकाला इस्रोचे, एकाला आर्यभटाचे. हे तिघे आपल्या जमिनीवरच्या जवळच्या नातेवाइकांपेक्षा अतिनील किरणे अधिक सोसू शकत होते.

मग ते परग्रहावरून आले का? वर्तमानपत्रांनी तसे मथळे दिले. शास्त्रज्ञांनी मात्र तसे म्हटले नाही. ते पृथ्वीवरूनच वर गेले असतील ही शक्यता त्यांनी मोकळी ठेवली. परीक्षेत ‘स्थितांबरात परग्रहावरचे जीव सापडले’ असे लिहाल तर मी गुण कापेन.

एक व्यवहाराची गोष्ट. ही उपकरणे काम झाल्यावर हवाई छत्रीने खाली येतात, आणि कुठे उतरतील हे वारा ठरवतो: तेलंगणात, किंवा शेजारच्या कर्नाटक-महाराष्ट्रातल्या एखाद्या शेतात. डिसेंबर २०२२ मध्ये विकाराबाद जिल्ह्यातल्या एका गावात अशीच एक मोठी कुपी उतरली आणि बघ्यांची झुंबड उडाली. तुमचे आजोळ त्या बाजूला असेल तर घरच्यांना सांगून ठेवा. असे काही पडलेले दिसले तर ते बॉम्बही नसते आणि भंगारही नसते. उघडू नये, वायर कापू नये, भंगारवाल्याला देऊ नये. पेटीवर सूचना लिहिलेली असते. जवळच्या पोलिसांना कळवावे. आत कुणाची तरी कित्येक वर्षांची मेहनत असते.

मध्यांबर आणि दलांबर

मध्यांबराबद्दल थोडक्यात सांगतो, कारण शास्त्रज्ञांनाही त्याची तुलनेने कमीच ओळख आहे. फुग्यांसाठी ते फार उंच, उपग्रहांसाठी फार खाली. रॉकेट तिथून काही मिनिटांत निघून जाते. ओझोन संपत आल्याने तापमान पुन्हा उतरते, ८५ किलोमीटरच्या आसपास सरासरी उणे ९० अंशांपर्यंत. आपल्याला दिसणाऱ्या उल्का बहुतेक या थराच्या वरच्या भागात आणि त्याच्या थोड्या वर जळतात. १ फेब्रुवारी २००३ रोजी कल्पना चावला यांचे कोलंबिया यान परतताना सुमारे ६० किलोमीटरवर तुटले, तेही इथेच. हवा नाहीशी म्हणावी इतकी विरळ, पण ताशी हजारो किलोमीटर वेगाने येणाऱ्या यानाला तीही आगीसारखी लागते. जानेवारी २०२२ मध्ये टोंगाजवळच्या समुद्रातल्या ज्वालामुखीची राख मात्र ५७ किलोमीटरपर्यंत, म्हणजे मध्यांबरात पोहोचली. एवढी उंच गेल्याची मोजलेली ही पहिलीच नोंद.

दलांबरात तापमान पुन्हा चढते, आणि हजार अंशांच्या वर जाते. तरीही तिथे उघडा हात काढला तर भाजणार नाही. हे कसे? दिवाळीतली फुलबाजी आठवा. तिच्या ठिणग्या हजार अंशांच्या आसपास तापलेल्या असतात, हातावर पडल्या तरी क्षणभर टोचल्यासारखे वाटते, एवढेच. उकळत्या चहाचा कप मात्र शंभर अंशांहून कमी असूनही पोळतो. तापमान म्हणजे एकेक कण किती वेगाने धावतो ते. उष्णता म्हणजे सगळ्या कणांची मिळून ऊर्जा. दलांबरात कण भरधाव, पण इतके थोडे की त्यांच्याकडून मिळणारी उष्णता नगण्य.

याच उंचीवर सूर्यकिरण अणूंतून इलेक्ट्रॉन काढून घेतात, म्हणून या भागाला आयनांबरही म्हणतात. (तो वेगळा सहावा थर नव्हे. मध्यांबराच्या वरच्या भागापासून दलांबरापर्यंतच्या पट्ट्याला दिलेले ते दुसरे नाव आहे.) मार्कोनीने १९०१ मध्ये रेडिओचा संदेश अटलांटिकपार पाठवला, तो पृथ्वीची गोलाई ओलांडून गेलाच कसा याचे कोडे याच थराने सुटले. लहरी वर आपटून परत खाली येतात. आपल्या आजोबांना विचारा. दिवसा हैदराबादेत न लागणारी दूरची मध्यम लहरींची केंद्रे रात्री खरखरत का होईना लागत. कारण आयनांबराचा सर्वात खालचा भाग दिवसा या लहरी गिळून टाकतो, आणि सूर्य मावळला की तो भागच विरून जातो. या विषयावर जगभर अभ्यासला गेलेला मोठा ग्रंथ १९४७ मध्ये कोलकात्याच्या शिशिरकुमार मित्र यांनी लिहिला. आणि २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातल्या थुंबाहून भारतातले पहिले रॉकेट उडाले, तेही चंद्रावर जाण्यासाठी नव्हे. पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त थुंबाजवळून जाते, आणि त्याच्या वर सुमारे १०५ किलोमीटरवर विजेचा एक प्रवाह वाहतो. त्या उंचीचा अभ्यास करायला ती जागा विक्रम साराभाईंनी निवडली होती.

दलांबर सूर्य तापला की फुगते. मग उपग्रहांना जास्त हवा लागते आणि ते लवकर खाली येतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेरिकेत नुकत्याच सोडलेल्या ४९ स्टारलिंक उपग्रहांपैकी जवळजवळ ४० याच कारणाने परत येऊन जळाले. आपला आर्यभट १९७५ मध्ये गेला आणि १९९२ मध्ये असाच हळूहळू उतरत वातावरणात शिरून संपला.

बाह्यांबरात हायड्रोजन आणि हेलियमचे कण एकमेकांना क्वचितच भेटतात. काही पृथ्वीला कायमचे सोडून जातात. २०१९ मध्ये सोहो यानाच्या जुन्या नोंदी तपासल्यावर दिसले, की पृथ्वीभोवतीच्या हायड्रोजनचा अतिविरळ ढग सहा लाख किलोमीटरहूनही पुढे पसरला आहे. चंद्र आपल्यापासून पावणेचार-चार लाख किलोमीटरवर!

पुढच्या आठवड्यापर्यंत वहीत दोन गोष्टी करून आणा. एक: पाच थरांची आकृती प्रमाणात काढा, एक मिलिमीटर म्हणजे दोन किलोमीटर धरून. वहीचे पान कुठे संपते ते पाहा, आणि पुढे किती पाने चिकटवावी लागतील ते मोजा. दोन: मंगळावर तपांबर आहे, पण पृथ्वीसारखा ओझोनचा दाट थर नाही. मग तिथे वर जाताना तापमानाचा आलेख आपल्यापेक्षा कसा वेगळा असेल? पुस्तकात उत्तर शोधू नका, विचार करून लिहा.